कुरुंद्याचे गुरुजी आणि आमचा क्रॉलर

आमच्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या लोकांना ते हळदीसाठी, टोकाईच्या गडासाठी आणि साखर कारखान्यासाठी माहीत. उरलेल्या महाराष्ट्राला मात्र हे गाव एका आडनावामुळे माहीत आहे. नरहर अंबादास कुरुंदकर. नांदेड-परभणीकडे जुनी माणसं अजून नुसतं 'गुरुजी' म्हणतात, आणि कोणते गुरुजी ते सांगावं लागत नाही.

मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. मराठीच्या प्राध्यापकावर मी का लिहितोय, असा प्रश्न रूममेटला पडला, तसा तुम्हालाही पडेल. कारण आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट. मराठी मजकूर शोधून देणारं एक छोटं सर्च इंजिन बनवायचं, त्यासाठी नच नावाचा क्रॉलर वापरायचा. (मराठीत 'नच' म्हणजे 'नाहीच', त्यामुळे ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी विनोद होऊन गेले. खरं तर डग कटिंग या त्याच्या एका कर्त्याचा लहान मुलगा जेवणाला हा शब्द वापरायचा, त्यावरून हे नाव. हाडूपचं नावसुद्धा याच मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीवरून आलं.) या क्रॉलरमधली एक फाईल समजून घेताना मला सारखी गुरुजींची आठवण येत होती. ती फाईल पुढे सांगतो. आधी माणूस.

गुरुजींचा जन्म १५ जुलै १९३२ चा. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूत, घरात मराठी, पोथीत संस्कृत. आज आपण तीन भाषांचे फॉर्म भरताना वैतागतो, त्या काळच्या पोराला तर रोजच्या जगण्यातच भाषा बदलावी लागे. शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. तिथे त्यांचे मामा डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर हे मराठीचे नावाजलेले प्राध्यापक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते दिवस. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा गुरुजी सोळा वर्षांचे होते, आणि त्या वयात ते चळवळीत उतरलेलेही होते.

आता हॉस्टेलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. गुरुजी इंटरला नापास झाले, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आपल्याकडचे ए.टी.के.टी.वाले लगेच खूश होतील, पण जरा थांबा. त्या वर्षांत या माणसाने जे वाचलं ते आपल्या लायब्ररीत चार वर्षांत कोणी इश्यू करून घेत नाही. इतिहास, धर्मशास्त्र, नाट्यशास्त्र, राजकारण, कविता, कादंबऱ्या, सगळं. फक्त परीक्षेला नेमलेलं तेवढं राहून गेलं असावं, हा माझा अंदाज.

पुढे ते नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. 'गुरुजी' हे नाव मला वाटतं तिथलंच. बी.ए., एम.ए. नंतर झालं, त्यांचा लौकिक काही पदवीची वाट बघत थांबला नव्हता. मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, आणि शेवटी त्याच कॉलेजचे प्राचार्य. हे कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेतून १९५० साली उभं राहिलेलं. स्वामीजींना गुरुजी आपले नेते मानत. बाकी नोकरी, बढती, पगार याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखं आहे ते त्यांचं वाचन.

आता ती फाईल. क्रॉलर एखादं पान आणतो तेव्हा सर्व्हर त्याच्याबरोबर एक चिठ्ठी पाठवतो: हा मजकूर अमुक प्रकारचा आहे. एच.टी.एम.एल. आहे, पीडीएफ आहे, साधा टेक्स्ट आहे, बातम्यांची फीड आहे. या चिठ्ठीला कंटेंट टाईप म्हणतात. नचमध्ये 'पार्स-प्लगिन्स' नावाची एक एक्सएमएल फाईल असते. तिच्यात प्रत्येक प्रकारापुढे लिहिलेलं असतं की हा मजकूर कोणत्या पार्सरकडे द्यायचा. एकापुढे दोन-तीन पार्सरही लिहिता येतात, आणि तिथे क्रमाला महत्त्व असतं. वरचा आधी, त्याला नाही जमलं तर खालचा. ज्या प्रकाराचं नाव यादीतच नाही त्याच्यासाठी एक चांदणीची ओळ असते, म्हणजे कुठेच न बसणारं सगळं तिकडे. आणखी एक गोम अशी की या फाईलमध्ये नाव लिहून काम भागत नाही. तो प्लगिन मुख्य सेटिंगमध्ये चालू केलेल्यांच्या यादीतही असावा लागतो. नाहीतर पाहुण्याचं नाव पत्रिकेत, पण पाहुणा बोलावलेलाच नाही, अशी गत.

यात मला सगळ्यात मजेशीर वाटली ती फीडची गोष्ट. बातम्यांच्या एकाच फीडला दोन पार्सर चालतात. टिका नावाचा पार्सर ती अख्खी फीड एकच पान समजून वाचतो. फीडचा स्वतःचा पार्सर तिच्यातली प्रत्येक बातमी सुटी करून वेगळा दस्तऐवज बनवतो. दोघेही बरोबर! पण हाती येणारी वस्तू वेगळी. कोणाला वर ठेवायचं ते तुम्हाला काय हवंय यावर ठरतं, आणि ते मशीन ठरवत नाही, आपण ठरवतो.

गुरुजींची पुस्तकं एकामागून एक घेतली की हीच फाईल डोळ्यांपुढे येते. महाभारत घ्या. काहींच्या लेखी तो इतिहास, काहींच्या लेखी धर्मग्रंथ. गुरुजींच्या महाभारतावरच्या पुस्तकाचं नावच 'व्यासांचे शिल्प' आहे. म्हणजे आधी ही एका कलावंताने घडवलेली कृती म्हणून बघा, बाकीचे प्रश्न त्यानंतर. नाट्यशास्त्र वाचताना हा रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या प्रयोगाचा ग्रंथ आहे, हे भान ते सोडत नाहीत. कादंबरीवर लिहायचं झालं तर 'धार आणि काठ' मध्ये ती कादंबरी म्हणून कुठे उभी राहते आणि कुठे कोसळते, तेवढं बघतात. लेखकाचा हेतू थोर होता म्हणून मार्क वाढवून देत नाहीत.

रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना तर तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. कादंबरी १९६८ ची. प्रस्तावना म्हणजे गुरुजींनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र. शिवाजी महाराजांबद्दल इतिहास काय सांगू शकतो, कुठे पुरावा आहे, कुठे दंतकथा आहे, आणि कादंबरीकाराला यातून माणूस कसा उभा करावा लागेल, असं सगळं त्यात आहे. इतिहासाचा पार्सर आणि ललित साहित्याचा पार्सर, दोन्ही चालू, पण एकमेकांत मिसळत नाहीत. कादंबरीपेक्षा प्रस्तावनेची पारायणं करणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच, हे देसाईंच्या चाहत्यांची माफी मागून सांगतो.

आता अवघड जागा. प्रोजेक्टमध्ये जो प्रकार सगळ्यात जास्त त्रास देतो तो एरर देणारा नव्हे, एरर न देणारा. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी वेबसाईट घ्या. त्या काळी प्रत्येकाचा आपापला फाँट असायचा. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली. अशा पानाची चिठ्ठी म्हणते एच.टी.एम.एल.; एच.टी.एम.एल.चा पार्सर ते पान घेतो, विनातक्रार वाचतो, 'यशस्वी' असा शेरा देतो. पहिला यशस्वी म्हटल्यावर दुसऱ्याला विचारलंच जात नाही! आणि इंडेक्समध्ये पानंच्या पानं अगम्य कचरा. लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. शोधणाऱ्याला ते पान कधीच सापडणार नाही, आणि का सापडत नाही तेही कळणार नाही.

मनुस्मृतीचं नेमकं हेच होतं. तिच्यातला स्त्रियांच्या सन्मानाचा एखादा श्लोक काढायचा, सुभाषित म्हणून वाचायचा, छान वाटतो, वाचन 'यशस्वी'. गुरुजींनी मनुस्मृतीवर व्याख्यानं दिली, त्यांचं पुढे पुस्तक झालं. त्यांची पद्धत उलटी. हा सुभाषितांचा संग्रह नाही, समाजाचे नियम सांगणारा ग्रंथ आहे, तेव्हा तो कायदा म्हणून वाचा. एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगळी शिक्षा कशी आहे ते बघा, शूद्रांना आणि स्त्रियांना काय नाकारलंय ते बघा. असं वाचलं की सुटा गोड श्लोक ग्रंथाची बाजू सावरू शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती एका जुन्या पुस्तकावरच्या रागापोटी नव्हे, हे तेव्हा नीट कळतं. गुरुजी संस्कृत परंपरेचे जाणकार, जन्माने ब्राह्मण, आणि तरी निवाडा स्पष्ट देतात. मला त्यांचा आदर वाटतो तो विद्वत्तेपेक्षा या जागेवर.

त्यांची सोय कुणालाच पुरती होत नसे. ते समाजवादी विचारांचे, नास्तिक, पण परंपरेचे ग्रंथ पूर्ण वाचलेले. हिंदू परंपरेची चिकित्सा करत आणि मुस्लिम राजकारणावरही तितक्याच मोकळेपणाने लिहीत. हमीद दलवाईंच्या सुधारणेच्या कामाला त्यांचा पाठिंबा होता. 'जागर' आणि 'शिवरात्र' ही पुस्तकं उघडून बघा. एका लेखाला टाळ्या वाजवणारा पुढच्या लेखाला हात आखडून घेतो. आज हॉस्टेलच्या ग्रुपवर इतिहासाच्या नावाने येणारे फॉरवर्ड वाचताना ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा, मजा येते. आणि थोडी भीतीही वाटते. फॉरवर्डवर चिठ्ठी असते 'इतिहास', आत असते कथा, आणि आपण 'यशस्वी' म्हणून पुढे ढकलतो.

नचमध्ये यावर एक उपाय आहे. चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, मजकुराचे सुरुवातीचे बाईट स्वतः तपासायचे. पीडीएफ फाईल टक्क्याच्या चिन्हाने आणि पी-डी-एफ या अक्षरांनी सुरू होते, चिठ्ठी काहीही म्हणो. जुन्या फाँटच्या पानांना मात्र हाही उपाय लागू पडत नाही, कारण ती खरोखरच एच.टी.एम.एल. असतात. तिथे अक्षरं ओळखून युनिकोडमध्ये बदलणारा वेगळा टप्पा लिहावा लागतो. आमच्या ग्रुपचं निम्मं सेमिस्टर त्यातच गेलं. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा, आणि जोडाक्षरं तर विचारूच नका.

कुरुंद्यावरच्या चिठ्ठ्याही बदलत गेल्या. आधी निजामाचं हैदराबाद, १९५६ ला द्विभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र, जिल्हा परभणी, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली. गुरुजींनी यातलं शेवटचं नाव ऐकलंच नाही. पण पहिला बदल त्यांनी अंगावर घेतला होता, आणि 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' मध्ये त्यावर लिहिलंही. स्वतः त्या लढ्यातला पोरगा असूनही तिथे ते आठवणी सांगत बसत नाहीत, राजकारणाची उकल करतात. साक्षीदार आणि अभ्यासक यांत त्यांनी अभ्यासकाला वरचा नंबर दिला. मला व्यक्तिशः थोड्या आठवणी चालल्या असत्या.

व्याख्यानांसाठी ते महाराष्ट्रभर फिरत. एस.टी., रेल्वे, रात्रीचे प्रवास, पुन्हा सकाळी कॉलेज. तब्येतीकडे कुणी बघितलं नाही, त्यांनी तर नाहीच. १० फेब्रुवारी १९८२ ला नांदेडमध्ये एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच हृदयविकाराने ते गेले. वय एकोणपन्नास. लिहिलेलं आणि बोललेलं इतकं विखुरलेलं होतं की मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी लेख, प्रस्तावना, भाषणं गोळा करून पुढची कित्येक वर्षं त्यांची पुस्तकं काढली. आपल्या लायब्ररीत मराठीच्या कपाटात त्यातली चार आहेत. 'जागर' सध्या माझ्याकडे आहे, पुढच्या सोमवारी परत करतो.