गायनाचार्य भास्करबुवा बखले

प्रार्थनेच्या वेळी सातवीतल्या एखाद्या मुलाचा आवाज चिरकला की आपण फिदीफिदी हसतो. आवाज फुटला म्हणून ज्यांची नाटकातली जागाच गेली, त्या भास्करबुवांची ही हकिकत वाचा.

बुवांचा जन्म १८६९ साली गुजरातेत कठोर या गावी झाला. घरची गरिबी होती, पण गळा फार गोड. किर्लोस्कर नाटक मंडळीत ते लहानपणीच गेले. त्या मंडळीत बायकांची कामे पुरुषच करीत. 'रामराज्यवियोग' नाटकात हा पोरगा कैकेयी व्हायचा. लोक खूष! पुढे वय वाढले, आवाज फुटला आणि कालपर्यंत वाहवा मिळवणारा मुलगा एकदम नकोसा झाला. त्याने मंडळी सोडली.

दुसरा कोणी गाणे सोडून घरी बसला असता. बुवा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकायला राहिले. नंतर नत्थन खाँ. पुढे मोठे गवई झाले, तरी अल्लादिया खाँसाहेबांपुढे पुन्हा शिष्य म्हणून बसले. मला तर हेच फार आवडले.

मग बुवा स्वतः गुरुजी झाले. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते गाणे शिकवीत. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचेच शिष्य. १९१६ साली 'स्वयंवर' नाटक आले. त्यातल्या पदांना बुवांनी चाली दिल्या, आणि गायले बालगंधर्व!

बुवा ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात वारले. त्यांनी १९११ साली पुण्यात काढलेला भारत गायन समाज अजून चालू आहे. बारामतीच्या एस.टी.ने पुण्याला गेलात तर जरूर बघून या.