परळच्या बाटलीवरचे नाव : वाल्डेमार हाफकिन

आपल्या धारूरच्या डोंगरात सीताफळाचा हंगाम लागला की बाया-माणसे, पोरे-सोरे पहाटेच पाट्या घेऊन झाडीत शिरतात. दगडाच्या कपारीत फुरसे असते, पाल्यात घोणस असते, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी हात घातल्याशिवाय फळ निघत नाही. मग एखाद्याला डसते. पुढचे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिलेले आहे. कोणी मारुतीच्या देवळात नेऊन टाका म्हणतो, कोणी लिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का ते बघतो, कोणी पायाला सुतळी आवळतो. शेवटी जीप मिळते, दवाखाना गाठतो आणि डॉक्टर छोट्या बाटल्यांतली पावडर पाण्यात विरघळवून सलाइनमधून सोडतात. त्या बाटलीवर कधी दुसऱ्या कंपनीचे नाव असते, पण पुष्कळदा असते हाफकिन.

हे हाफकिन म्हणजे एखादा कारखाना, असे बहुतेकांना वाटते. तो माणूस होता, आणि तुमच्या-आमच्यासारखाच संशयाने आणि अफवेने छळलेला माणूस होता. त्याने स्वतः सापाची लस केली नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे भांडण उंदराने आणलेल्या रोगाशी होते. पण उंदीर, साप आणि आपले धान्य यांचे नाते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियाच्या झारच्या राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठात मेचनिकोव्ह नावाचे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. विद्यार्थी चळवळीत पडल्यामुळे तरुण हाफकिनना अटकही झाली. त्या काळी रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात वरची जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, वर्षभर जिनिव्हाला काढले आणि पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. जागा कोणती मिळाली? तर ग्रंथालयातल्या मदतनीसाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर प्रयोग करायचे.

तिथे त्यांनी पटकीची म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पटकीचे माहेरघर बंगाल, म्हणून १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. आसामचे चहामळे, पलटणी, तुरुंग, कलकत्त्याच्या वस्त्या असे हिंडत त्यांनी हजारो लोकांना लस दिली. हिवतापाने पोखरून १८९५ मध्ये त्यांना परत जावे लागले, पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा आले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी सापडले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी. आधी उंदीर मरून पडले, मग माणसे. सरकारने हाफकिनना मुंबईला धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तिचा मोठा डोस, १० घनसेंटिमीटर, स्वतःच्या अंगात टोचून घेतला. ताप चढला, सुईची जागा ठणकू लागली, पण माणूस जगला. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी राजी झाले त्यांना लस दिली.

ते साल आठवा. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सोजीर घरात घुसून रोगी शोधत होते, सामान बाहेर फेकत होते. त्या जुलमाचा संताप होऊन २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. अशा वातावरणात साहेबाच्या हातची सुई कोण टोचून घेणार? सुईत विष आहे, धर्म बाटतो, बायकांना मूल होत नाही, नाना अफवा. लोक रोगी माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे लपवत. दोष लोकांचाच होता असे मी म्हणणार नाही. सरकार दांडका घेऊन आले तर माणूस दार लावूनच घेणार.

हाफकिन यांची रीत निराळी होती. सक्ती त्यांना पसंत नव्हती. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी आणि बाकीच्यांनी बघावे, असा त्यांचा खाक्या. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी आपल्या माणसांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. समाजाचा पुढारी दंड उघडा करून बसल्यावर मागची रांग आपोआप लागली. सरपंच-पोलीस पाटील मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. ऑगस्ट १८९९ मध्ये परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात मोठी प्रयोगशाळा सुरू झाली. लस देशभर आणि परदेशातही जाऊ लागली.

आणि मग मलकोवाल झाले.

मलकोवाल हे पंजाबातले गाव, आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या १९ जणांना थोड्याच दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे एकोणीसही एकाच बाटलीतले. बाकीच्या बाटल्यांच्या लोकांना काही झाले नाही. चौकशी बसली. बाटलीत घाण शिरली ती परळच्या प्रयोगशाळेतच, असा ठपका आला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करायची पद्धत थोडी बदलली होती, तेच बोट धरायला निमित्त मिळाले. त्यांना कामावरून दूर केले आणि १९०४ मध्ये ते देश सोडून गेले.

इथे थोडे थांबू, कारण धनुर्वात हा शेतकऱ्याच्या घरचा विषय आहे. त्याचे जंतू मातीत, शेणखतात राहतात. मलकोवालला बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून नीट उकळला नाही, नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला. शिवाय बाटली परळला भरल्याला कितीतरी आठवडे झाले होते. जंतू तेव्हाच शिरले असते तर बूच उघडताच दुर्गंधी सुटायला हवी होती, आणि तशी ती आली नव्हती. म्हणजे चूक परळला नव्हे, गावात घडली होती. हा सगळा पुरावा कागदात होता, तरी तो वाचून खरे बोलायला पाच वर्षे लागली. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे मांडले. सरकारने त्यांना परत बोलावले. ते आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. पहिल्यासारखे मोठे काम त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. माझ्या मते मलकोवालने वीस माणसे नेली. एकोणीस गावातली आणि विसावे हाफकिन.

आता सापाकडे. हाफकिन परळला होते त्याच काळात, त्याच प्रयोगशाळेत, जॉर्ज लॅम्ब नावाचे डॉक्टर नाग आणि घोणस यांच्या विषावर काम करत होते. त्याआधी काही वर्षे पाश्चर संस्थेतल्याच काल्मेट यांनी नागाच्या विषावर पहिला उतारा बनवला होता. काल्मेट यांना वाटे, तो सगळ्याच सापांना चालेल. लॅम्ब यांनी दाखवून दिले की तसे नाही, नागाचा उतारा घोणशीच्या विषाला लागू पडत नाही. ज्या सापाचे विष, त्याच विषावरचा उतारा हवा. म्हणून आज आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चारही विषांवर मिळून केलेली असते. घोड्याला या विषांचे थोडे थोडे डोस वाढवत देतात, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो, तो वेगळा काढून सुकवतात. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिले गेले आणि पुढे तिथे सापाच्या विषावरचे काम वाढत गेले. १९७० च्या दशकात औषध बनवायचे काम वेगळ्या सरकारी महामंडळाकडे गेले, नाव मात्र हाफकिनचेच राहिले.

एक बाटली साधारण ६ मिलिग्रॅम नागाचे, ६ मिलिग्रॅम घोणशीचे आणि साडेचार-साडेचार मिलिग्रॅम मण्यार व फुरशाचे विष मारते. म्हणून डॉक्टर सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या देतात. दवाखान्यात दोनच बाटल्या असतील तर काय उपयोग, ते तुम्हीच बघा.

आपल्याकडे उंदराचे काम अजून संपलेले नाही. १९९३ च्या भूकंपानंतर, ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा वाढल्या, उंदीर मेले आणि गाठीच्या तापाचे संशयित रोगी निघाले. पाठोपाठ सुरतेत हलकल्लोळ झाला. भूकंपाच्या धास्तीने लोक घराबाहेर झोपत होते, घरातले धान्य उंदरांना मोकळे मिळाले, असे त्या वेळी सांगितले गेले. जिथे कणगीखाली सांडलेली ज्वारी, तिथे उंदीर. जिथे उंदीर, तिथे मागोमाग साप. धामण गोठ्यात येते ती म्हशीचे दूध प्यायला नव्हे, उंदराच्या वासाने येते. तिला मारले तर उंदीर वाढतात आणि तिच्या जागी नाग येतो. कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग, गोवऱ्या आणि सरपण घराच्या भिंतीला टेकवून रचू नका. माळवदाची आणि कुडाची बिळे बुजवा. गंजीत हात घालण्याआधी काठी घाला. रात्री परसाकडे जाताना बॅटरी घ्या.

मण्यारीचे तर वेगळेच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात डसते आणि पुष्कळदा कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटतात, बोबडी वळते. घरचे म्हणतात, शिळे खाल्ले असेल. धारूर, वडवणी, केजहून जे कोयते दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघतात, ते चार-पाच महिने फडाशेजारच्या कोपीत जमिनीवरच झोपतात. मुकादमाकडून उचल घेताना खाट मागता येणार नाही हे कळते. पण मच्छरदाणी नेता येते. तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या तर डासही अडतो आणि मण्यारही.

चावलेच तर ब्लेडने, खुरप्याने कापू नका. विष निघत नाही, धनुर्वाताला मात्र वाट मिळते. मलकोवालच्या चिमट्याला लागली होती तीच माती खुरप्याला असते. दोरी आवळू नका, तोंडाने चोखू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या काढा. हात-पाय मोडल्यावर फळी बांधतो तसा अवयव बांधून, माणसाला चालू न देता उचलून न्या. १०८ ला फोन करा. किल्ले धारूरचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, आणि श्वास अडखळत असेल तर अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. साप पकडून आणायची गरज नाही, त्यात दुसरा माणूस डसवून घेतो.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यातले, सुमारे निम्मे पावसाळ्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे ठरवले आहे.

हाफकिन १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी लग्न केले नाही. उतारवयात धर्माकडे ओढा वाढला होता, जमवलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांतल्या शिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे ते वारले. १९६४ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

मृगाचा पाऊस पडायच्या आत सरपंचांनी आणि आशाताईंनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एवढे विचारावे, की बाटल्या किती आहेत, मुदत कधी संपते आणि रात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते. कोयते निघतील तेव्हा मुकादमांनी हेच कारखान्याजवळच्या दवाखान्यात विचारावे.