किर्लोस्करवाडीची ‘खबर’

शेतकरी बंधूंनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आजोबा-पणजोबांनी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर धरला असेल. तो करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. तिथं त्यांना डावलून दुसऱ्याला बढती मिळाली, तशी त्यांनी नोकरी सोडली. राबणाऱ्याची कदर झाली नाही की त्याला काय वाटतं, हे त्यांना तिथंच कळलं असावं.

बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात. मग कडबा कापायचं यंत्र आणि त्यानंतर नांगर. पण नांगर खपेनात! लोखंडानं जमीन विषारी होते, असा तेव्हा समज. शेतकऱ्याला पटवून देता देता दिवस गेले. त्यात कारखान्याची जागाही सोडावी लागली.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. हा भाग आज सांगली जिल्ह्यात येतो. मार्च १९१० मध्ये काम सुरू झालं. सगळीकडे निवडुंग, साप, पाण्याची मारामार. अशा माळावर कामगार बायकापोरं घेऊन आले, ते काय नुसत्या पगारासाठी? मालक स्वतः त्यांच्याबरोबर तिथंच राहिला, हे ते बघत होते. वस्तीत घरं झाली, शाळा झाली, शिवाशिव बंद झाली. तुरुंग भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. आपल्याकडं अशा माणसाला कुणी खळ्यावरसुद्धा उभं करत नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

पुढं पसारा वाढला. वाडीतल्या गोष्टी तोंडोतोंडी कळत होत्या, पण गावोगावचे एजंट आणि गिऱ्हाईक यांचं काय? १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक काढलं. कारखान्यात काय चाललंय ते कामगार, एजंट, गिऱ्हाईक सर्वांनी वाचावं, हा हेतू. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी इथं जरा थांबावं. फलकावर कागद चिकटवला की आपलं कळवणं संपतं. तो वाचला किती जणांनी, हे कोण बघतो?

‘खबर’ मात्र वाचली गेली. कारखान्याबाहेरचे लोकही मागायला लागले, विषय वाढले आणि १९२९ मध्ये तिचं नुसतं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. कुंडल रोड स्टेशनाचंही नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.