मादाम क्यूरींची छोटी शाळा

रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम मारी क्यूरी यांचे नाव आपणां सर्व भगिनींना ठाऊक आहे. १८६७ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या या विदुषीला १९०३ व १९११ अशी दोनदा नोबेल पारितोषिके मिळाली. पण मुलांना शिकविण्याची त्यांची हौस फारशी कोणाला माहीत नसते.

१९०६ साली पती पियेर अपघातात निवर्तले. पदरी दोन लहान मुली आणि डोक्यावर सॉर्बोन विद्यापीठातील अध्यापनाचा भार! थोरली ईरेन दहा वर्षांची झाली, तेव्हा तिला कोंदट वर्गात दिवसभर घोकंपट्टीस बसविणे बाईंच्या जिवावर आले. मग त्यांनी व प्राध्यापक-स्नेह्यांनी मिळून आपल्याच मुलांना शिकविण्याचे ठरविले. धडा रोज एकच. पेरँ रसायन, लांजव्हँ गणित व मारीबाई पदार्थविज्ञान शिकवीत. सायकलीतल्या पोलादी गोळ्या शाईत बुडवून उतरत्या फळीवर सोडावयाच्या; उमटलेल्या वक्ररेषेवरून पडत्या वस्तूचा नियम मुलांनी पडताळावयाचा. एकदा बाईंनी विचारले, की भांड्यातले पाणी गरम कसे राखावे? लोकर गुंडाळण्यासारखे नाना उपाय मुलांनी सुचविले. साधे झाकण ठेवण्याचे मात्र कोणालाच सुचले नाही. ते बाईंनी सुचविले!

शाळा जेमतेम दोन वर्षे चालली. १९३४ साली मारीबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षी ईरेनला पतीसह नोबेल पारितोषिक मिळाले.

भगिनींनो, झाकणे तर आपल्याही घरी आहेत. मुलांनी ‘का?’ विचारले, की त्यांना गप्प न करता चुलीजवळ बोलावू या.