वकीलपत्र घेतलेला तत्त्वज्ञ

सिंगापूरच्या सामुद्रधुनीलगत, जोहोर नदीच्या मुखापाशी नांगरून पडलेले ‘सान्ता कातारिना’ हे प्रचंड पोर्तुगीज व्यापारी जहाज २५ फेब्रुवारी १६०३ रोजी डच कप्तान याकोब व्हान हेमस्केर्क याने तोफा डागून हस्तगत केले. जहाजावर चिनी रेशीम, साखर, कस्तुरी आणि चिनी मातीची भांडी खच्चून भरलेली होती. ॲमस्टरडॅमच्या लिलावात या मालाचे ३० लाखांहून अधिक गिल्डर आले. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे सारे भागभांडवल सुमारे ६४ लाखांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका दिवसाच्या कमाईचे मोल कळते.

परंतु पैशाबरोबर एक अवघड प्रश्नही आला. हेमस्केर्कच्या सनदेत बळाचा वापर केवळ स्वसंरक्षण आणि नुकसानभरपाई यांपुरताच मान्य होता. शिवाय कंपनीच्या भागधारकांत मेनोनाइट पंथाचे काही लोक होते आणि शस्त्र उचलणे त्यांच्या श्रद्धेला निषिद्ध होते. लुटीतून आलेला नफा त्यांना पचेना. ॲमस्टरडॅमच्या नाविक न्यायालयाने सप्टेंबर १६०४ मध्ये ही लूट वैध ठरविली खरी. पण न्यायालयाच्या शिक्क्याने सदसद्विवेकबुद्धीचे समाधान होतेच असे नाही. तेव्हा कंपनीने आपली बाजू मांडण्याचे काम हेग येथील एका २१ वर्षांच्या वकिलाकडे सोपविले. त्याचे नाव ह्यूगो ग्रोशिअस.

१० एप्रिल १५८३ रोजी डेल्फ्ट येथे जन्मलेला हा मुलगा ११व्या वर्षी लायडन विद्यापीठात दाखल झाला आणि १५व्या वर्षी फ्रान्समधून कायद्याची डॉक्टरेट घेऊन परतला. कंपनीला हवे होते एक प्रचारपत्रक. ग्रोशिअसने लिहिला लुटीच्या कायद्यावरील भलाथोरला ग्रंथ. त्यातील मुख्य विचार असा की, जेथे दाद मागण्यास न्यायालयच नाही, तेथे अन्याय झालेल्याला शासन करण्याचा नैसर्गिक अधिकार पोहोचतो. समुद्रावर न्यायाधीश नाही. म्हणून खाजगी कंपनीचे युद्धही न्याय्य ठरू शकते. राजाला जे शोभते ते व्यापाऱ्यालाही शोभते, असे म्हणण्याइतकी ही मोठी झेप होती. तिचे परिणाम पुढे आशियाने भोगले.

या ग्रंथाचे फक्त १२वे प्रकरण १६०९ साली ‘मारे लिबेरुम’, म्हणजे मुक्त सागर, या नावाने लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. हिंदी महासागरात त्या काळी पोर्तुगीजांचा कार्ताझ चाले. हा परवाना न घेता निघालेले जहाज ते जप्त करीत. (पुढे शंभर वर्षांनी कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर तोच अधिकार सांगितला, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) पोर्तुगीजांच्या या हक्काची ग्रोशिअसने मुळापासून उलटतपासणी केली. जावा, सिंहलद्वीप, मोलुक्का येथे स्वतःचे राजे आणि स्वतःचे कायदे असताना पोर्तुगीजांनी तेथे शोध तरी कशाचा लावला? आणि जे पोपच्या मालकीचे नव्हते ते पोपने दान कसे केले? समुद्र तर हवेसारखा. एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, म्हणून त्यावर कोणाची मालकी सांगता येत नाही. सार्वजनिक वस्तूंची जी व्याख्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विसाव्या शतकात आली, तिचे बीज या युक्तिवादात स्पष्ट दिसते.

तत्त्वाची कसोटी मात्र ते आपल्याविरुद्ध वापरले गेले की लागते. १६१३ साली ग्रोशिअस डच शिष्टमंडळाबरोबर लंडनला गेला. मसाल्याच्या बेटांवर आम्हालाही व्यापार करू द्या, एवढेच इंग्रजांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी ‘मारे लिबेरुम’चाच आधार घेतला. ग्रोशिअसचे उत्तर तयार होते. समुद्र मोकळा आहे. परंतु बेटांवरील लोकांनी आपला माल फक्त डचांनाच विकण्याचे करार केले आहेत आणि करार पाळलेच पाहिजेत. ते करार तोफांच्या छायेत झाले होते, याचा त्याने फारसा विचार केला नाही. कायद्याच्या दृष्टीने उत्तर निर्दोष असेल. न्यायाच्या दृष्टीने ते लंगडे होते.

त्या उत्तराची किंमत बांदा बेटांनी दिली. जायफळ अन्य व्यापाऱ्यांना विकून करार मोडला, हे निमित्त करून यान पीटरझून कून याने १६२१च्या मार्च महिन्यात ती बेटे जिंकली. सुमारे १५ हजार वस्तीपैकी हजारभर माणसे कशीबशी उरली. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, परागंदा झाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले.

त्याच महिन्यात ग्रोशिअस पुस्तकांच्या पेटीत दडून तुरुंगातून निसटत होता. हॉलंडमधील धार्मिक कलहात त्याचा आश्रयदाता ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १६१९ साली शिरच्छेद झाला होता आणि ग्रोशिअसला लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप झाली होती. पत्नी मारिया हिने ही युक्ती योजली. ती स्वतः किल्ल्यात मागे राहिली आणि एल्स्ये नावाची धीट मोलकरीण पेटीबरोबर नावेतून गेली. गवंड्याच्या वेषात त्याने सरहद्द ओलांडली आणि पॅरिस गाठले.

तेथे १६२५ साली ‘युद्ध व शांतता यांचा कायदा’ हा त्याचा कीर्तिग्रंथ बाहेर पडला. वकिलाची लेखणी तीच असली, तरी सूर बदललेला आहे. शत्रूशी काय काय करण्याची राष्ट्रांच्या रूढीत मुभा आहे याची भीषण यादी तो प्रथम देतो. मग थबकून त्यातील बरेचसे परत काढून घेतो. स्त्रिया, मुले, शेतकरी, व्यापारी, शरण आलेले यांना हात लावू नये. कायद्याने शिक्षा होत नाही म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही, असे तो बजावतो. १६०४ साली मेनोनाइट भागधारकांना नेमके हेच म्हणावयाचे होते.

पुढे तो स्वीडनचा पॅरिसमधील राजदूत झाला. त्याच काळात, १६३६ पासून, मुक्त सागराचा उद्घोष करणाऱ्या डचांचे आरमार वर्षानुवर्षे गोव्याच्या नदीमुखाशी ठाण मांडून पोर्तुगीजांची वाट अडवीत होते. १६४५ साली स्वीडनहून परतताना त्याचे जहाज वादळात सापडून बाल्टिकच्या किनाऱ्याला लागले. थकलेला ग्रोशिअस रोस्टॉकपर्यंत कसाबसा पोहोचला आणि २८ ऑगस्टला तेथेच वारला.

मूळ हस्तलिखित घराण्याच्या कागदपत्रांत सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ पडून राहिले. १८६४ साली ते हेगमध्ये लिलावात आले आणि १८६८ साली छापले गेले. तोवर ‘मारे लिबेरुम’ हे मानवजातीच्या वतीने लिहिलेले पुस्तक मानले जात होते. ते एका कंपनीच्या कैफियतीतले १२वे प्रकरण असल्याचे विद्वानांना तेव्हा कळले.