आनंदीबाईंचा शेवटचा शरद

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की दोन तारखा हमखास सांगितल्या जातात. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या दोन तारखांमध्ये पुरते एक वर्षही नाही. पहिल्या तारखेचा गौरव होतो, दुसरीची हळहळ व्यक्त होते. मधला १८८६ चा शरद ऋतू मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. वास्तविक आनंदी-गोपाळ या जोडप्याच्या संसारातील सर्वांत हृद्य आणि सर्वांत करुण दिवस तेच होते.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते बिजवर होते आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंची पाटी-पुस्तकेही अलिबाग, कोल्हापूर, भूज अशी फिरत राहिली आणि अखेरीस बंगालमध्ये पोहोचली. हा गुरू प्रेमळ होता, तसाच कठोरही. अभ्यासात कसूर झाली की मारही बसे. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून आनंदीबाईंचा डॉक्टर होण्याचा निश्चय दृढ झाला, आणि त्यानंतर हे शिक्षण केवळ नवऱ्याच्या हट्टाचे राहिले नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून एकट्या निघाल्या. नवरा बरोबर नाही, नातलग नाहीत, सोबत फक्त मिशनरी स्त्रियांची. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून रोजी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे त्यांना माणूस मिळाले ते थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या रूपाने. गोपाळरावांचा एका मिशनऱ्याशी झालेला पत्रव्यवहार अमेरिकेतील नियतकालिकात छापून आला होता. तो वाचून या अनोळखी बाईंनी १८८० मध्ये पत्र पाठवले आणि पत्रापत्रांतून त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावचे त्यांचे घर हे आनंदीबाईंचे अमेरिकेतील माहेर होते. कॉलेज सुरू होण्यापूर्वीचा उन्हाळा त्यांनी तेथेच घालवला. मावशीच्या मुलींशी त्यांची गट्टी जमली. अठरा वर्षांच्या या मुलीला बालपणीच हरवलेली सुट्टी तेथे परत मिळाली.

पुढची तीन वर्षे मात्र कष्टाची होती. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहाराचे व्रत, अपुरे अन्न आणि डोंगराएवढा अभ्यास. त्यांनी साडी सोडली नाही. फक्त थंडीपासून पाय झाकले जावेत म्हणून नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने नेसण्याची सोय पत्करली. परत जाऊन आपल्या बायकांची सेवा करायची, तर त्यांनी आपल्याला परके मानता कामा नये, असा त्यांचा विचार होता. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या. गोपाळरावही १८८५ मध्येच अमेरिकेत दाखल झाले होते. ज्या मुलीला त्यांनी अक्षरे गिरवायला लावली होती, तिला एम. डी. होताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले.

कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. जाण्यापूर्वी अनुभव घ्यावा म्हणून त्या बॉस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात दाखल झाल्या, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. खोकला, ताप आणि दिवसेंदिवस वाढणारा अशक्तपणा. तो क्षय होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधून काढले होते. पण त्यांवरील परिणामकारक औषध येण्यास आणखी साठ वर्षे लागणार होती. हवापालट, विश्रांती आणि पौष्टिक अन्न यांपलीकडे त्या काळच्या वैद्यकाजवळ काही नव्हते. रोग्याच्या जागी स्वतः एक डॉक्टर होती. आपल्या लक्षणांचा अर्थ तिला कळत नसेल, असे कसे म्हणावे?

कार्पेंटर कुटुंबाचा निरोप घेऊन ९ ऑक्टोबर १८८६ रोजी पती-पत्नी न्यूयॉर्कहून बोटीने निघाले. आधी अटलांटिक ओलांडून इंग्लंड आणि तेथून दुसऱ्या बोटीने सुएझमार्गे मुंबई, असा हा प्रवास होता. जाताना दोघांनीही आपापला समुद्र एकट्याने पार केला होता. येताना प्रथमच ते महासागरावर एकत्र होते. लग्नाला बारा वर्षे झाली होती, पण मध्ये नोकरी, अभ्यास, लोकनिंदा किंवा हजारो मैलांचे अंतर नाही, असे दिवस या जोडप्याला क्वचितच मिळाले असतील. आता अभ्यास घेणारे गोपाळराव शुश्रूषा करणारे झाले होते. त्या वर्षीची दिवाळीही वाटेतच गेली. ज्या सहवासाला इतर जोडपी सुट्टी म्हणतात, तो या दोघांना आजारपणाने मिळवून दिला.

१६ नोव्हेंबर रोजी बोट मुंबईला लागली. ज्या समाजाने समुद्र ओलांडला म्हणून नावे ठेवली होती, त्याच समाजातील माणसे आता कौतुकाने भेटीला येऊ लागली. मुंबईहून आनंदीबाई कल्याणला गेल्या आणि पुढे उपचारांसाठी पुण्याला. कल्याणहून पुण्याला जाणारी आगगाडी १८६३ पासून कर्जतमार्गे बोरघाट चढत होती. शरद सरून हेमंत लागत असताना हा घाट चढणाऱ्या त्या आजारी मुलीला पुढचा कोल्हापूरचा टप्पा कधीच गाठता येणार नव्हता. रुग्णालयातील तिची जागा तिची वाट पाहत राहिली.

पुण्यात आईचा सहवास होता, आपले अन्न होते, आपली भाषा होती. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवलेल्या या डॉक्टरणीने आयुर्वेदाचे उपचारही करून पाहिले. उपयोग झाला नाही. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला असताना त्या गेल्या.

त्यानंतर गोपाळरावांनी जे केले, ते या कथेचा खरा शेवट म्हणावे लागेल. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांना विसावा मिळाला. पत्नीला आयुष्यभर आपल्या ध्येयाच्या मागे धावायला लावणाऱ्या या हट्टी माणसाने, तिला जेथे केवळ मुलगी म्हणून माया मिळाली होती ते घर ओळखले होते.

आनंदीबाईंनी स्वतंत्रपणे एकही रुग्णालय चालवले नाही, म्हणून त्यांचे आयुष्य अपुरे मानण्याची रीत आहे. १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत आणि पुढच्याच वर्षी काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने हे जोडपे घराघरांत पोहोचवले. पहिली स्त्री डॉक्टर म्हणून त्यांना वंदन करताना एवढे तरी लक्षात ठेवावे, की पदवीची किंमत म्हणून या मुलीने थंडी, भूक आणि एकटेपण सोसले होते. त्या बदल्यात विश्रांतीचे आणि आपल्या माणसांचे असे जे काही तिच्या पदरात पडले, ते एका उन्हाळ्यापुरते आणि एका शरदापुरतेच होते.