फुलांमुलांचे कवी रेव्हरंड टिळक

रविवारी सकाळी बुओना व्हिस्टा स्टेशनाबाहेर 'द स्टार'कडे प्रार्थनेला निघालेली गर्दी तुम्ही पाहता. मराठी बोलणारे ख्रिस्ती लोकही असतात का? असतात तर! त्यांच्या चर्चमध्ये ज्यांची भजने म्हणतात, त्यांचीच 'केवढे हे क्रौर्य' ही कविता तुमच्या आईबाबांपैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक. (लोकमान्य टिळक वेगळे बरं का!)

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लवकर गेली, वडील तापट. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि संस्कृत शिकला. लग्न झाले ते लक्ष्मीबाईंशी. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थांशी धर्मावर गप्पा झाल्या. त्यांनी टिळकांना बायबल दिले आणि वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचायला सुरुवात केली. पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना.

इथून पुढची दोन वर्षे फार अवघड होती. मनाने येशूला मानायचे आणि बाहेर काहीच बदलायचे नाही, ही सोपी वाट समोर होती. त्यात बायको, मुलगा, नातेवाईक, विद्वान म्हणून मिळणारा मान, सगळे शाबूत राहिले असते. त्या काळी ब्राह्मणाने धर्म बदलणे म्हणजे जातीने त्याला बाहेर काढणे. टिळकांना हे पक्के ठाऊक होते. तरीही मनात एक आणि लोकांपुढे दुसरे, हे त्यांना सोसवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या धैर्याचे कौतुक करताना लक्ष्मीबाईंना विसरून चालणार नाही, असे आम्हाला वाटते. त्यांना बातमी नंतर कळली, आणि लहान दत्तूला घेऊन काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहावे लागले. दोष काही नसताना! पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी आधी स्वयंपाक वेगळाच करीत. टिळकांनी तशी मोकळीक दिली होती. सोवळ्याओवळ्याबद्दल लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्याच मनात झगडा झाला, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांचा जम बसला. ते पाळक झाले, 'ज्ञानोदय' पत्राचे संपादक झाले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहून गेले. तुकारामांवरचे प्रेम त्यांनी कधी सोडले नाही. अभंग आणि कीर्तन त्यांनी चर्चमध्ये आणले. स्वभाव मात्र वडिलांसारखाच तापट, आणि हात इतका सैल की घरखर्चाचे पैसे एखाद्या गरजूला देऊन मोकळे होत. संसार कसा चालवायचा ही चिंता लक्ष्मीबाईंची!

पण जम बसला तरी त्यांच्या मनाची टोचणी थांबली नव्हती. परदेशी मिशनचा पगार घेऊन आपण आपल्याच लोकांना येशूविषयी सांगतो, मग लोक आपल्याला साहेबाचा माणूस समजले तर नवल काय? घर, पगार, मान सगळे होते, वय पंचावन्न. या वयात गप्प बसणे किती सोपे! १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वृत्ती धरली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. काही ख्रिस्ती मंडळींना ते रुचले नाही.

दरबार जेमतेम दोन वर्षे चालला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे त्यांचे 'ख्रिस्तायन' तेव्हा अपुरेच होते. पुढचे बहुतेक सगळे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.